गुलाश: पॅप्रिका जपा

हंगेरीच्या गवताळ मैदानांतले गुराखी जाळावर टांगलेल्या कढईत हा रस्सा शिजवत. घरी करताना गाईच्या पायाचे एक किलो मांस घ्यावे. कोवळे, महागडे मांस इथे वायाच जाते. पायाच्या चिवट तुकड्यांतले कोलॅजन मंद आचेवर दोन-अडीच तासांत विरघळते आणि रश्श्याला अंग येते. मैदा लावायची गरज नाही.

अर्धा किलो कांदा डुकराच्या चरबीत मऊ होऊ द्यावा. मग भांडे खाली उतरवूनच दोन-तीन मोठे चमचे गोड पॅप्रिका घालावी. तिच्यातली साखर बघता बघता जळते आणि सगळा रस्सा कडू होतो. नंतर मांस, शहाजिरे, मीठ, पाणी. बटाटे, गाजरे शेवटच्या अर्ध्या तासात.

पॅप्रिका सेगेडची नावाजलेली. याच शहरात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी तिच्यापासून ‘क’ जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणावर वेगळे केले. १९३७मध्ये त्यांना नोबेल मिळाले. (शिजवल्यावर त्यातले फारसे उरत नाही, ते सोडा.)

महाराष्ट्रात २०१५पासून गाय-बैलाच्या मांसाला कायद्याने बंदी आहे. म्हशीचे मांस चालते, मात्र ते शिजायला आणखी वेळ द्यावा.