सहा डाव, एक धाव

२३ नोव्हेंबर १९९० रोजी चंदीगडच्या सेक्टर १६ मधील मैदानावर भारत आणि श्रीलंका यांच्यातील कसोटी सामना सुरू झाला. मर्वन अटापट्टू या नवोदित फलंदाजाने आदल्याच दिवशी वयाची वीस वर्षे पूर्ण केली होती. त्या खेळपट्टीवर वेंकटपती राजूची फिरकी श्रीलंकेला खेळताच आली नाही. राजूने अवघ्या १२ धावांत ६ बळी घेतले, पाहुण्यांचा डाव ८२ धावांत आटोपला आणि भारताने सामना एका डावाने जिंकला. अटापट्टूच्या नावापुढे दोन्ही डावांत शून्य लागले.

एकवीस महिन्यांनी, ऑगस्ट १९९२ मध्ये, त्याला दुसरी संधी मिळाली ती कोलंबोच्या सिंहलीज स्पोर्ट्स क्लबवर, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. श्रीलंकेने ८ बाद ५४७ धावांचा डोंगर रचला. गुरुसिंघे, रणतुंगा आणि पदार्पण करणारा कालुवितरणा, तिघांनी शतके ठोकली. या समृद्धीत अटापट्टूचा वाटा पुन्हा शून्य! दुसऱ्या डावात विजयासाठी १८१ धावा हव्या होत्या. २ बाद १२७ अशा सुस्थितीतून संघ १६४ धावांत गडगडला आणि सामना १६ धावांनी हातचा गेला. त्या पडझडीत अटापट्टूने एक धाव काढली.

याच सामन्यात प्रतिपक्षाकडे असाच एक केविलवाणा ताळेबंद घेऊन एक गोरा लेगस्पिनर खेळत होता. जानेवारी १९९२ मध्ये सिडनीला त्याने पदार्पण केले, तेव्हा १५० धावा मोजून त्याला एकच बळी मिळाला होता, तोही द्विशतक पुरे केलेल्या रवी शास्त्रीचा. अ‍ॅडलेडला पाटी कोरी राहिली आणि कोलंबोच्या पहिल्या डावातही तेच घडले. ३३५ धावांत एक बळी, हा त्याचा तोवरचा हिशेब. तरीही शेवटच्या घटकेस कर्णधार अ‍ॅलन बॉर्डरने चेंडू त्याच्याच हाती दिला. त्याने एकही धाव न देता अखेरचे तीन बळी टिपले. तो शेन वॉर्न. पुढे त्याचे कसोटी बळी ७०८ झाले. खरे श्रेय बॉर्डरच्या त्या धाडसाला द्यावे लागेल. हाती असलेल्या आकड्यांवर विसंबून कोणत्याही व्यवहारी माणसाने तो निर्णय घेतला नसता.

अटापट्टूच्या वाट्याला मात्र अशी घटका आली नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये अहमदाबादला तो तिसरी कसोटी खेळला. त्या सामन्यात कपिल देवने ४३२ वा बळी घेऊन रिचर्ड हॅडलीचा विक्रम मागे टाकला. त्या जल्लोषात अटापट्टूच्या आणखी दोन शून्यांची दखल कोण घेणार? सव्वातीन वर्षे, तीन कसोट्या, सहा डाव आणि एकूण धावा एक.

यानंतर तीन वर्षे कसोटी संघाचे दार बंद राहिले. देशांतर्गत सामन्यांत तो धावा जमवीत राहिला. निवडसमितीला दोष देणे सोपे आहे. पण तीनदा वगळलेल्या खेळाडूचे नाव चौथ्यांदा कागदावर लिहायलाही मनाचा मोठेपणा लागतो. मार्च १९९७ मध्ये न्यूझीलंडच्या दौऱ्यावर तो परतला आणि अखेर दोन आकडी धावसंख्या त्याच्या नावावर लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारताविरुद्ध मोहालीत, म्हणजे जिथे पहिली दोन शून्ये पदरी पडली त्या चंदीगडला लागूनच, त्याने १०८ धावांचे पहिले कसोटी शतक झळकावले.

मग त्याने मागे वळून पाहिले नाही. एकूण १६ शतके, आणि त्यांतली सहा द्विशतके! शतकानंतरही त्याची भूक शमत नसे, हा त्याचा विशेष. २००४ मध्ये बुलावायो येथे झिंबाब्वेविरुद्ध २४९ धावा करताना त्याने संगकारासोबत ४३८ धावांची भागीदारी रचली. त्याच वर्षी कर्णधार या नात्याने त्याने आशिया चषक जिंकला, तोही अंतिम सामन्यात भारताला नमवून.

इंग्लंडच्या ग्रॅहम गूचचा आरंभही असाच. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या कसोटीत दोन्ही डावांत शून्य, दुसऱ्या कसोटीनंतर तीन वर्षे संघाबाहेर. १९९० साली लॉर्ड्सवर भारतीय गोलंदाजांनी त्याच गूचच्या ३३३ आणि १२३ धावा सोसल्या. पहिल्या डावात तो ३६ धावांवर असताना किरण मोरेच्या हातून झेल सुटला होता, हे जुन्या रसिकांना अजूनही सलते.

अटापट्टूने नोव्हेंबर २००७ मध्ये होबार्टला अखेरची कसोटी खेळली आणि शेवटच्या डावात ८० धावा केल्या. नव्वद कसोटींत ५५०२ धावा, सरासरी ३९.०२. त्या सहा डावांतली पाच शून्ये धरून त्याच्या खात्यावर एकूण २२ शून्ये जमा आहेत.