‘अगेन’, ‘पुन्हा’ आणि ‘परत’

इंग्रजीतील ‘अगेन’ या क्रियाविशेषणाला मराठी पर्याय विचारला असता विद्यार्थी बिनदिक्कत ‘पुन्हा’ सांगतात. मात्र अनुवादाचे वर्ग घेताना असे आढळते की, या पर्यायामुळे मुळात नसलेली एखादी घटना मराठी वाक्यात शिरते. ‘ही वॉज वेल अगेन’ याचे ‘तो पुन्हा बरा झाला’ असे भाषांतर केले, की तो यापूर्वीही एकदा आजारातून उठला होता असा समज होऊ शकतो. मूळ वाक्याला एकच आजार पुरतो. तेथे आवृत्ती होते ती बरे होण्याच्या क्रियेची नव्हे, निरोगी अवस्थेची. ‘पूर्ववत् बरा झाला’ हा अनुवाद म्हणूनच अधिक निर्दोष ठरतो.

क्रियेची आवृत्ती आणि पूर्वस्थितीची प्राप्ती, या दोन अर्थांचे मूळ शब्दाच्या इतिहासात आहे. प्राचीन इंग्रजीत हा शब्द ‘समोर, विरुद्ध, उलट दिशेने’ अशा अर्थाचा होता. आवृत्तीसाठी ‘एफ्ट’ हा निराळा शब्द होता. ‘अगेन्स्ट’ हा ‘अगेन’चाच विस्तार, आणि जर्मन ‘गेगेन’ त्याचा सगोत्र. ‘उलट’वरून ‘मागे’ आणि ‘मागे’वरून ‘आणखी एकदा’ असा हा अर्थप्रवास आहे.

मराठीला तो अपरिचित नाही. ‘परतणे’पासून ‘परत’, ‘फिरणे’पासून ‘फिरून’ हे त्याच वाटेने आले. ‘पत्र परत पाठवले’ म्हणजे माघारी धाडले की दुसऱ्यांदा धाडले, हे संदर्भच ठरवतो. ‘पुन्हा’च्या जागी ‘परत’ वापरणे अशुद्ध मानणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात घ्यावा. त्यांच्या आक्षेपात मला तथ्य दिसत नाही. खुद्द संस्कृत ‘पुनर्’ हाही ‘मागे’, ‘आणखी एकदा’ आणि ‘परंतु’ असे तीन अर्थ वाहतो. यांतील तिसरा अर्थ प्राकृत ‘पुण’मधून आपल्या ‘पण’मध्ये उतरला. ‘पुन्हा’ आणि ‘पण’ ही एकाच घरची भावंडे! त्यामुळे ‘देन अगेन’ने सुरू होणाऱ्या इंग्रजी वाक्याला मराठीत ‘पण’च शोभतो, तेथे ‘मग पुन्हा’ लिहिणे म्हणजे निव्वळ शब्दाला शब्द.

‘हाफ अ‍ॅज मच अगेन’साठी ‘दीडपट’ आहेच. खरी कसोटी लागते ती ‘व्हॉट वॉज युवर नेम अगेन?’ या प्रश्नात. नाव पूर्वी सांगितले गेले आहे, विचारणारा ते विसरला आहे. येथे ‘पुन्हा’ही नको आणि ‘परत’ही नको. मराठी माणूस विचारतो, ‘आपलं नाव काय म्हणालात?’ आवृत्तीचा सारा भार एका भूतकाळी क्रियापदाने उचललेला असतो.