भरधाव जायचं आणि रांगेत बसायचं! जहाजांचं इंधन वाचवणारी 'नंबर' पद्धत काय आहे?

2021 मध्ये अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस आणि लाँग बीच बंदरांबाहेर कंटेनर जहाजांची भलीमोठी रांग लागली होती. कोरोनाकाळात खरेदी वाढली आणि बंदरं तुंबली, हे कारण सगळ्यांना माहीत आहे. पण या रांगेचा नियम अजब होता. नंबर लावायचा तर जहाजाला बंदरापासून 20 सागरी मैलांच्या आत यावं लागायचं. त्यामुळे अख्खा पॅसिफिक भरधाव ओलांडायचा आणि मग नांगर टाकून दिवसेंदिवस बसून राहायचं. जनरेटर चालूच, धूर किनाऱ्यावरच्या शहरांवर!

16 नोव्हेंबर 2021 पासून हा नियम बदलला. जहाज आधीच्या बंदरातून कधी निघालं, यावरून ते कधी पोहोचेल याचा हिशेब होऊ लागला आणि त्यानुसार नंबर मिळू लागला. दवाखान्यात घरबसल्या नंबर लावावा, तसंच हे. रांग लगेच संपली नाही. जानेवारी 2022 मध्ये तर ती शंभरच्या पुढे गेली. पण बरीच जहाजं किनाऱ्यापासून दूर होती, काही निवांत वेगाने येत होती.

वेग कमी केल्याने एवढा काय फरक पडतो?

जहाजाला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग 10 टक्के कमी केला, तर ताकद सुमारे 27 टक्के कमी लागते. प्रवासाला वेळ जास्त लागतो हे धरलं, तरी तेवढ्याच अंतरासाठी इंधन सुमारे 19 टक्के वाचतं. नवं इंजिन नको, नवं इंधन नको. जगातल्या हरितगृह वायूंपैकी जवळपास 3 टक्के जहाजांमधून येतात, त्यामुळे ही बचत किरकोळ नाही.

जहाज कुठे आहे हे एआयएस यंत्रणेमुळे कळतंच. हवामान आणि प्रवाह बघून मार्ग सुचवणारी सॉफ्टवेअरही आहेत.

मग सगळेच असं का करत नाहीत?

खरी अडचण कागदावर आहे. भाडेकरारात जहाजाने शक्य तितक्या लवकर पोहोचावं, अशी अट असते. कॅप्टनने आपणहून वेग कमी केला, तर तो करारभंग ठरू शकतो. शिवाय जहाज खोळंबलं की मालकाला डेमरेज, म्हणजे भरपाई मिळते. थांबण्याचे पैसे मिळत असतील तर घाई कोण सोडेल?

2023 पासून मोठ्या जहाजांना कार्बन उत्सर्जनानुसार ए ते ई श्रेणी मिळते, तर 2024 पासून युरोपीय संघ उत्सर्जनाचे पैसे घेतो. त्यामुळे हे गणित आता बदलू लागलंय.

बाकी मदार बंदरांवर आहे. धक्का कधी रिकामा होणार, हे क्रेन, पायलट, टग आणि आधीचं जहाज यांच्यावर ठरतं, आणि ही माहिती वेळेत कळली तरच उपयोग. कंटेनर जहाजांच्या 2022 च्या एका अभ्यासानुसार, पूर्ण प्रवासात वेग जुळवला तर सरासरी 14 टक्के इंधन वाचू शकतं. फक्त शेवटच्या 24 तासांत जुळवला, तर जेमतेम 6 टक्के.