गंधावरून गर्भनिदान

१९३४ साली नॉर्वेतील एका मातेने आपल्या मुलांच्या मूत्राला येणाऱ्या चमत्कारिक वासाचे कारण शोधण्याचा ध्यास घेतला आणि त्यावरूनच डॉ. फॉलिंग यांना एका आनुवंशिक व्याधीचा शोध लागला. देहातील रासायनिक बिघाड वासाच्या रूपाने प्रकट होतो, हे मातेचे नाक वैद्यकाच्या आधी ओळखते, याचे मला फार अप्रूप वाटते. वास ओळखण्याचे हेच काम यंत्राकडून करून घेण्यासाठी १९८२ साली पर्सॉड व डॉड यांनी वर्णिलेल्या कृत्रिम नासिकेत वायूच्या स्पर्शाने ज्यांचा विद्युत्-रोध बदलतो असे अनेक संवेदक एकत्र बसविलेले असतात, आणि त्यांच्या एकत्रित प्रतिसादाचा आकृतिबंध संगणक ओळखतो. गर्भात एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असल्यास चयापचय बदलतो, तेव्हा मातेच्या मूत्रातील बाष्पशील द्रव्यांत त्याची खूण सापडावी, असा या नासिकेने गर्भनिदान करण्यामागील तर्क आहे.

अशा निदानासाठी गर्भजल सुईने काढण्यात गर्भपाताचा अल्प का होईना धोका असल्यामुळे, वर्धा जिल्ह्यातील खेड्यातून सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात येणाऱ्या गर्भवतीस अशी निर्वेध चाळणी लाभली, तर तिची केवढी चिंता हलकी होईल! तथापि ही चाळणीच; संशय आल्यास निश्चित निदानासाठी गुणसूत्रांचीच तपासणी, तीही १९९४ च्या प्रसवपूर्व निदानविषयक कायद्यान्वये नोंदणीकृत केंद्रात, लेखी संमतीनिशी व गर्भलिंग उघड न करता, करावी लागेल.