'अचानक' असे लिहिले आणि वही मिटली

आम्ही पेशाने कारकून. काही वर्षे जन्म-मृत्यूची नोंदवही आमच्या टेबलावर होती. नाव, वय, पत्ता, तारीख हे रकाने भरताना हात अडत नाही. तो अडतो 'मृत्यूचे कारण' या रकान्यापाशी. ऐंशी वर्षांच्या आजोबांपुढे 'वार्धक्य' लिहिले की कोणी काही विचारत नाही. पण वयाच्या रकान्यात 'अडीच महिने' असे लिहिल्यावर पुढच्या रकान्यात काय लिहायचे?

सातारा जिल्ह्यातील एका वस्तीतला तरुण बाप एकदा असाच समोर उभा राहिला. हातात टोपी, डोळे जमिनीकडे. कारण विचारले तेव्हा म्हणाला, "लिहा काहीबी साहेब. रातीला निजलं, सकाळी उठलंच नाही." मागे रांग होती. आम्ही 'अचानक' असे लिहिले, सही घेतली आणि वही मिटली.

पुढे महिन्याभराने सांगली जिल्ह्यात, पलूसच्या बाजूला, एका रविवारी महिला मंडळाच्या बैठकीला गेलो होतो. बैठक संपल्यावर एक पोरसवदा मुलगी दाराआडून पुढे आली. बोलता बोलता कळले, की ही त्याच बाळाची आई. सासरी तिला सगळ्यांनी एकच गोष्ट ऐकवली होती : झोपेत तूच त्याला अंगाखाली घेतलेस. म्हणून ती माहेरी येऊन राहिली होती. तिने आम्हाला विचारले, "भाऊ, तुमी शिकल्याली माणसं. खरं सांगा, माझ्याच अंगाखाली घावलं का वो ते?"

वाचकहो, आम्हाला ताळेबंद जुळवता येतो, पण या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. मग जे विचारणे नोंदीच्या दिवशी आमचे काम होते, ते आम्ही त्या अंगणात बसून विचारले. बाळाला सर्दी होती का? होती, चार दिवस. अंगावर पीत होते का? दोन दिवस नीट पीत नव्हते. आणखी काही? "पोट सारखं उडत हुतं. सासूबाई म्हणल्या डबा आलाय. अंगारा लावला."

मिरजेच्या एका बालरोगतज्ज्ञांना आम्ही ही हकीगत सांगितली. ते म्हणाले, "अंगाखाली येऊन बाळ गुदमरू शकते, नाही असे नाही. पण दोन दिवस दूध सोडलेले, धापणारे बाळ म्हणजे आधी न्यूमोनियाचाच विचार करायला हवा." म्हणजे आम्ही ज्याला 'अचानक' म्हटले, ते दोन दिवस आधीपासून सांगत होते. त्याची भाषा घरात कोणाला कळली नव्हती, एवढेच.

चार लेकरे

पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी आयुष्य लिहून जाते, असे आपल्या आज्या सांगत. बाळ गेले की 'तेवढेच लिहिले होते' असे म्हणून डोळे पुसायचे. ज्या रमाईंची तसबीर आपल्या घराघरात आहे, त्या माउलीच्या वाट्यालाही हे दुःख चार वेळा आले. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी चार लेकरे लहानपणीच गेली. एकटे यशवंत हाती लागले. राजरत्न गेला तो जुलै १९२६ मध्ये. न्यूमोनियावर चालणारे प्रतिजैविक त्या वेळी जगात कोठेच नव्हते.

हे दुःख उरात घेऊन बाबासाहेब कपाळाला हात लावून बसले नाहीत. १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात बाळंतिणीला कामावरून पगारी विश्रांती देणारे विधेयक आले, तेव्हा ते त्याच्या बाजूने बोलायला उभे राहिले. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. आईला विश्रांती मिळाली तर बाळ जगेल, हा विचार कायद्यात आणण्यात त्यांचा वाटा होता.

आज प्रतिजैविक खेड्यातल्या आरोग्य केंद्रातही मिळते. मग अडते कोठे? याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत शोधले गेले.

गडचिरोलीने श्वास मोजले

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग हे दांपत्य १९८६ पासून गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेद्वारे काम करीत आहे. बाळे कशाने मरतात याचा शोध त्यांनी घरोघरी जाऊन घेतला. न्यूमोनिया हे मोठे कारण निघाले. डॉक्टर दूर आणि वाटेत नदी-नाले. तेव्हा न्यूमोनिया ओळखण्याचे आणि औषध देण्याचे काम गावातल्याच माणसांना शिकवायचे त्यांनी ठरवले. त्यांत न शिकलेल्या सुईणीही होत्या.

न्यूमोनिया ओळखायला नळी लागत नाही. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याच्या पोटाकडे पाहायचे आणि श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असेल, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. ज्या सुईणींना एवढे आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी असलेले एक साधे उपकरण बनवले गेले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. लाल मणी सरकला की औषध.

हा अभ्यास १९९० मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ५८ गावांत हे काम झाले आणि शेजारच्या ४४ गावांशी तुलना केली गेली. वर्षभरात, जेथे काम नव्हते तेथे पाच वर्षांखालील हजार मुलांमागे १७.५ मुले न्यूमोनियाने गेली. जेथे काम होते तेथे ८.१. निम्म्याहून कमी!

पण जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातले मृत्यू उरलेच होते. या वयात जंतू रक्तात पसरले की बाळ झपाट्याने जाते, आणि बाळंतीण-बाळ तर घराबाहेर पडत नाहीत. मग १९९५ पासून ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना शिकवून उपचार घरात नेले गेले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, लवकर अंगावर पाजणे आणि जंतुदोषाची लक्षणे दिसताच प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, ही कामे त्या करू लागल्या. आधी हजार जन्मांमागे ६२ बाळे महिन्याच्या आत जात होती. तिसऱ्या वर्षी हा आकडा २५.५ वर आला. ज्या ४७ गावांत हे काम नव्हते तेथे तो साठाच्या घरातच राहिला. १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून देशभरच्या आशाताईंच्या कामात ही पद्धत आली. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी तुमच्या दारात येतात, त्यामागे गडचिरोलीच्या त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या बायांची कमाई आहे. फरक इतकाच, की शंका आली तर आज आशाताई बाळाला दवाखान्यात पाठवतात.

पाठीवर निजवा

आता त्या आईच्या प्रश्नाची दुसरी बाजू. काही बाळे खरोखरच कोणतीही सूचना न देता झोपेत जातात. एक वर्षाच्या आतील बाळ असे गेले आणि शवविच्छेदन, घराची पाहणी, आजाराची माहिती हे सारे तपासूनही कारण सापडले नाही, तर डॉक्टर त्याला 'आकस्मिक बालमृत्यू' म्हणतात. दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात हा धोका सर्वांत जास्त असतो. आपल्याकडे एवढ्या लहान बाळाचे शवविच्छेदन क्वचितच होते. त्यामुळे न्यूमोनियाने गेलेले आणि खरोखर आकस्मिक गेलेले बाळ एकाच शब्दाखाली नोंदले जाते.

न्यूझीलंडमध्ये १९८७ ते १९९० या काळात अशा बाळांच्या घरी जाऊन बारीक चौकशी झाली. तीन गोष्टी पुढे आल्या : बाळाला पालथे निजवणे, आईचे धूम्रपान आणि बाळाला अंगावर न पाजणे. ब्रिटनने १९९१ मध्ये आणि अमेरिकेने १९९४ मध्ये 'बाळाला पाठीवर निजवा' अशी मोहीम काढली. दहा वर्षांत अमेरिकेतील असे मृत्यू निम्म्याहून खाली आले. ना लस, ना गोळी. केवळ निजवण्याची रीत बदलली.

यात जंतूंचाही संबंध आहे. अशा मृत्यूंपैकी पुष्कळ बाळांना आधी किरकोळ सर्दी-पडसे होते, असे आढळले. नाजूक बाळ, त्याचे अडनिडे वय आणि बाहेरचा एखादा ताण या तीन गोष्टी एकत्र आल्या की घात होतो, असे अभ्यासक मानतात. त्या ताणांत सर्दी आली, पालथी झोप आली, तोंडावरचे पांघरूण आले, धूर आला. बाळाचे वय बदलणे आपल्या हाती नाही, पण हे ताण काढणे हाती आहे.

आपल्या दोन जिल्ह्यांत

दिवाळी झाली की कृष्णाकाठी उसाच्या तोडी सुरू होतात. बीडकडून टोळ्या येतात, तशा आपल्याच जत, माण, खटावच्या दुष्काळी भागातूनही माणसे कोयता घेऊन निघतात. नेमका तोच थंडीचा मोसम. पाचटाच्या कोपीत चूल आणि बाळ एकाच खोलीत. पहाटे आई फडात जाते आणि बाळ बैलगाडीखालच्या झोळीत. झोळीत मान छातीवर दुमडली की श्वास अडू शकतो, हे त्या आईला कोण सांगणार? तिचे नाव गावच्या आशाताईंच्या यादीत आणि ती मात्र शंभर कोस दूर! तळाजवळच्या वस्तीत राहणाऱ्या आपल्या भगिनींनी त्या कोप्यांकडे एक फेरी मारली आणि बाळंतिणीचे नाव तिथल्या आशाताईंच्या कानावर घातले, तर हे अंतर मिटू शकते.

दुसरी गोष्ट मशेरीची. आमच्या भागात बिडी ओढणारी बाई विरळा, पण सकाळी मशेरी लावणाऱ्या घरोघर. ही सवय गरोदरपणातही सुटत नाही. मुंबईत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मशेरी-तंबाखू खाणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि ती दिवस भरण्याआधी जन्मण्याचे प्रमाणही जास्त निघाले. आधीच दोन-अडीच किलोच्या बाळाला शंभर ग्रॅम म्हणजे थोडे नव्हे. हलक्या बाळाला जंतूही लवकर गाठतात.

घरात एवढे पाळूया

बाळाला नेहमी पाठीवर निजवा, सपाट आणि घट्ट अंथरुणावर. उशी नको, तोंडावर गोधडी नको. ऊब हवी, पण घाम फुटेल इतके गुंडाळू नका. दारू प्यायलेल्या किंवा बिडी ओढणाऱ्या माणसाशेजारी बाळ नकोच.

पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. घुटी, मध, वरचे पाणी नको. बाळाच्या नाकात तेल सोडू नका. ते फुप्फुसात उतरते. शेक-शेगडीचा, धुरीचा आणि चुलीचा धूर बाळापासून दूर ठेवा.

लशी चुकवू नका. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला मिळणारी पाच रोगांवरची लस आणि महाराष्ट्रात २०२१ पासून मोफत मिळणारी न्यूमोकोकल लस या दोन्ही न्यूमोनियाच्या मोठ्या जंतूंपासून रक्षण करतात.

बाळ दूध सोडते, धापते, त्याच्या बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते, अंग तापते किंवा गार पडते, झटके येतात, हलवल्याशिवाय हालचाल करीत नाही. यातले एकही लक्षण दिसले की सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळावर सरकारी रुग्णालयात उपचार मोफत आहेत. अंगारा लावायचा तर लावा, पण गाडीत बसल्यावर!

कारण विचारा

२००१ मध्ये 'कोवळी पानगळ' नावाचा अहवाल आला. महाराष्ट्रात सरकारी नोंदीत दिसतात त्यापेक्षा कितीतरी जास्त बाळे मरतात, असे त्याने दाखवून दिले. तेव्हापासून परिस्थिती सुधारली आहे. १९९० मध्ये महाराष्ट्रात हजार जन्मांमागे ५८ बाळे वर्षाच्या आत जात होती. २०२० मध्ये १६. या १६ मध्ये कोणाची बाळे आहेत, हे पाहायचे तर नोंद खरी हवी. २०१४ पासून पाच वर्षांखालील प्रत्येक बालमृत्यूची घरी जाऊन चौकशी करण्याचे नियम आहेत. चौकशीला कोणी आले तर दार लावू नका. 'लिहा काहीबी' असे म्हणू नका. काय काय झाले ते सगळे सांगा. त्यातून पुढचे बाळ वाचते.

पलूसला आम्ही पुन्हा गेलो. या वेळी तिच्या नवऱ्याला आणि सासूबाईंना बरोबर नेले. डॉक्टर जे बोलले ते सगळ्यांसमोर सांगितले : हा शाप नव्हे, आणि तिच्यावर ठेवलेल्या आरोपाला पुरावाही नाही, बाळ आजारी होते, आणि ते ओळखायला आपल्यापैकी कोणीच शिकले नव्हते. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग सुनेला म्हणाल्या, "चल घरी." निघताना त्या पोरीने आम्हाला श्वास कसे मोजायचे ते पुन्हा एकदा विचारून घेतले. शेजारच्या घरातले तान्हे बाळ झोपले होते. त्याच्याजवळ बसून, हातात घड्याळ घेऊन तिने मोजले. अडतीस भरले.