पदविका हाती आली, आता हजेरीपत्रक जपा

नगर जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्यात जा, बऱ्यापैकी मोठ्या गावाच्या वेशीजवळ इंग्रजी माध्यमाची एखादी शाळा दिसतेच. पुढे पिवळी बस, मागे पत्र्याच्या खोल्या, आणि आत शिकविणाऱ्यांत आपल्या समाजातल्या बी.ए., बी.कॉम. झालेल्या लेकी-सुना. पहाटे भाकरी थापून, लेकरू सासूच्या स्वाधीन करून त्या शाळेत जातात. पगार विचारला की गप्प बसतात. सही एका रकमेवर आणि हातात दुसरीच रक्कम, हा अनुभव आमच्याकडे आलेल्या अनेक भगिनींनी सांगितला आहे. गावात 'मॅडम' म्हणून मान मिळतो खरा, पण अध्यापनाची पदविका त्यांच्यापाशी नव्हती. संस्थाचालकांना त्याची खंत वाटण्याचे कारण नव्हते. बिनपदविकेची बाई स्वस्तात पडते आणि बोलत नाही.

अशा भगिनींपैकी कित्येकींनी 2017 ते 2019 या काळात नोकरी सांभाळून, घरी मोबाइलवर शिकून ती पदविका मिळविली. पुढे तिच्यावरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि पदविकेची किंमत शून्य झाली, अशी आवई उठली. आजही विहारात येऊन "दादा, ते सर्टिफिकेट आता कशाला ठेवू?" असे विचारणाऱ्या भेटतात. ताई, ते नीट ठेवा. त्याचबरोबर आणखी चार कागद शोधून ठेवा. ते कोणते, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहोत.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. प्राथमिक शिक्षकाची पात्रता काय असावी हे ठरविण्याचे काम राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेकडे, म्हणजे ज्याला सगळे एनसीटीई म्हणतात तिच्याकडे गेले. नोकरीत असलेल्या अप्रशिक्षितांना पात्रता मिळविण्यासाठी पाच वर्षांची मुदत होती. ती संपली तरी देशभर लाखो शिक्षक, विशेषतः खासगी शाळांतले, होते तिथेच होते. अखेर 2017 साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि 31 मार्च 2019 ही शेवटची तारीख ठरविली. एवढ्यांना अध्यापक विद्यालयात बसविण्याइतक्या जागा नव्हत्या, आणि हातची नोकरी सोडून दोन वर्षे शिकायला जाणे कोणाला परवडणार? म्हणून राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने, म्हणजे एनआयओएसने, ऑक्टोबर 2017 मध्ये 18 महिन्यांचा डी.एल.एड. अभ्यासक्रम सुरू केला. देशभरातून 13 लाखांहून अधिक शिक्षकांनी त्यात नाव घातले. जगात एवढ्या मोठ्या संख्येने शिक्षक एकाच वेळी दूरशिक्षणाला बसल्याची उदाहरणे फार नसावीत.

शिकणे होते ते 'स्वयम्' या सरकारी संकेतस्थळावर. तिथे तज्ज्ञांची व्याख्याने, वाचायचे पाठ आणि स्वतःची तपासणी करण्याचे प्रश्न असत. इंटरनेट नसेल त्यांच्यासाठी दूरदर्शन संचावर 'स्वयंप्रभा' वाहिनी होती. पण निव्वळ मोबाइल पाहून पदविका मिळाली, असे कोणी म्हणत असेल तर त्याने ते दीड वर्ष पाहिलेले नाही. स्वाध्याय हाताने लिहायचे होते. सुटीच्या दिवशी अभ्यासकेंद्रावर संपर्कवर्ग असत. स्वतःच्या शाळेत पाठ घेऊन दाखवायचे, कार्यशाळेला हजर राहायचे आणि शेवटी केंद्रावर लेखी परीक्षा. शेवगाव-पाथर्डीकडे रेंज नसे तेव्हा मंदिराच्या ओट्यावर किंवा पाण्याच्या टाकीखाली उभे राहून व्याख्यान उतरवून घेतल्याच्या गोष्टी आम्ही ऐकल्या आहेत. घरात मोबाइल एकच आणि तो नवऱ्याच्या खिशात, ही अडचण तर रेंजपेक्षा मोठी होती.

प्रवेशाला बारावीत 50 टक्के गुण लागत, अनुसूचित जातींना सवलतीने 45. ज्यांचे तेवढेही नव्हते त्यांना बारावीचे गुण वाढविण्यासाठी पुन्हा परीक्षेला बसावे लागले. पदवीधर बाईने पदरात मूल असताना बारावीचे पेपर पुन्हा लिहिले, ही साधी गोष्ट नव्हे. येथेच एक जाता जाता सांगून ठेवतो. फॉर्मवर धर्म 'बौद्ध' लिहिला तर केंद्राची सवलत जाईल, ही भीती अजून काही घरांत आहे. 1990 साली झालेल्या दुरुस्तीनंतर बौद्धांना केंद्राच्या यादीतही अनुसूचित जातीचा हक्क आहे. जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात काढून ठेवावा म्हणजे झाले.

शिकविण्याआधी शिकवायला शिकावे लागते, ही गोष्ट आपल्या जिल्ह्याला नवी नाही. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार या बाईंनी 1839 पासून अहमदनगरात मुलींच्या शाळा चालविल्या. त्या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले, आणि सावित्रीमाईंनी अध्यापनाचे धडे घेतले ते याच नगरला फरारबाईंकडे, तसेच पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये. म्हणजे आपल्या पहिल्या शिक्षिकेनेही प्रशिक्षण घेतले होते. बाबासाहेबांनी 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. पोट सांभाळून शिकणाऱ्याला कमी लेखण्याची रीत आपल्याकडे नसावी, ती त्यामुळेच.

कमी लेखले गेले ते सरकारी दप्तरात. सप्टेंबर 2019 मध्ये एनसीटीईने बिहार सरकारला कळविले की, नव्या भरतीसाठी 18 महिन्यांची ही पदविका चालणार नाही, दोन वर्षांचीच हवी. जानेवारी 2020 मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने ती चालेल असा निकाल दिला. लोकांना हायसे वाटले. मग उत्तराखंडातील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2023 रोजी सांगितले की, 18 महिन्यांची पदविका ही दोन वर्षांच्या पदविकेच्या बरोबरीची नाही. याच निकालाची बातमी गावोगाव पोहोचली आणि सर्टिफिकेटे पेटीच्या तळाशी गेली.

पण गोष्ट तिथे संपली नाही, आणि पुढचा भाग मात्र गावोगाव पोहोचला नाही. 10 डिसेंबर 2024 रोजी त्याच न्यायालयाने आपल्या निकालाचा खुलासा केला. पुढे पश्चिम बंगालच्या प्रकरणात 4 एप्रिल 2025 रोजी तो पुन्हा स्पष्ट झाला. जो शिक्षक 10 ऑगस्ट 2017 रोजी नोकरीत होता आणि ज्याने 1 एप्रिल 2019 पूर्वी हा अभ्यासक्रम पूर्ण केला, त्याची पदविका ग्राह्य धरावी. दुसऱ्या संस्थेत अर्ज करायलाही आणि बढतीलाही. म्हणजे त्या कष्टाचे मोल आहे, मात्र दोन तारखा सिद्ध करता आल्या तर.

दुसरी तारीख गुणपत्रिकेवरून सिद्ध होते. अडचण पहिल्या तारखेची आहे. आमच्या महिला मंडळाच्या भगिनींनी कागद आणले तेव्हा ध्यानात आले की, बहुतेकींना शाळेने नियुक्तीपत्रच दिलेले नाही. पगार रोख दिलेला. शाळा सोडताना अनुभवाचा दाखला मागितला तर "नंतर या" म्हणून परत पाठविलेले. एका भगिनीच्या शाळेने तर ती आमच्याकडे कधी नव्हतीच, असे तोंडावर सांगितले, आणि वर्गाच्या फोटोत तीच बाई फळ्यापाशी उभी आहे. आम्ही कारकुनी करून आयुष्य काढलेली माणसे. कागद नसला की खरे माणूसही खोटे ठरते, हे रोज पाहतो. ज्यांनी नोकरी नसताना कोणाकडून पत्र आणून त्या वेळी नाव नोंदविले, त्यांना हा निकाल तारणार नाही. त्यांची वकिली आम्ही करीत नाही. मात्र ज्या खरोखर वर्गात उभ्या होत्या त्यांनी मागे हटू नये.

आता नव्याने या वाटेने जाऊ पाहणाऱ्यांसाठी. ती 18 महिन्यांची दारे 2019 सालीच बंद झाली. "सहा महिन्यांत घरबसल्या डी.एड." किंवा "ऑनलाइन बी.एड., हजेरीची गरज नाही" अशी पत्रके बस स्टँडवर दिसतात, मोबाइलवर तर पाऊसच पडतो. पैसे भरण्याआधी त्या संस्थेला एनसीटीईची मान्यता आहे का ते परिषदेच्या यादीत पाहावे. एजंटाच्या तोंडी हमीला अर्थ नाही. सहा महिन्यांचा एक अभ्यासक्रम खरा आहे, पण तो 11 ऑगस्ट 2023 च्या निकालापूर्वी बी.एड.वर प्राथमिकला लागलेल्या शिक्षकांसाठी आहे. त्या निकालाने पहिली ते पाचवीला बी.एड. पात्र नाही असे ठरले, म्हणून त्यांना तो पूल बांधून दिला. बेकार पदवीधराला त्याचा उपयोग नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा बी.एड. हाही दूरशिक्षणाचाच, आणि त्याने जिल्हा परिषदेच्या अनेक गुरुजींना पुढे नेले. पण दूरशिक्षणाच्या बी.एड.ला बसायचे तर 2014 च्या नियमाप्रमाणे आधीचे अध्यापक प्रशिक्षण लागते. कोऱ्या पाटीने तिथे जाता येत नाही.

अमेरिकेत टेक्साससारख्या राज्यात पदवीधराला बराचसा अभ्यास संगणकावर करून शिक्षक होता येते. मात्र तिथे विषयाची परीक्षा आधी द्यावी लागते, मग वर्षभराचा तात्पुरता परवाना मिळतो, आणि त्या वर्षात तो शिक्षक म्हणून पगार घेऊन वर्गात शिकवितो, मार्गदर्शक येऊन त्याचा पाठ पाहतो. आमच्याकडे मुली शिकविण्याचा अनुभव आधी घेतात, पगार नावाला, आणि परवान्याचे नाव कोणी काढीत नाही.

पदविका झाली तरी टीईटी हवीच. पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, 150 गुणांचा; खुल्यांना 60 टक्के, आपल्याला 55. म्हणजे 83 गुण. एकदा मिळालेले प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते. त्यापुढे जिल्हा परिषदेच्या जागेसाठी अभियोग्यता चाचणी आणि 'पवित्र' पोर्टल. शिक्षणसेवकाचे मानधन 2023 पासून प्राथमिकला 16,000 रुपये झाले, पूर्वी 6,000 होते. खासगी शाळेतल्या बाईने हा आकडा आपल्या पगाराशेजारी ठेवून पाहावा. नोकरीत असलेल्यांनाही सुटका नाही. 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे. कोणी पास करून देतो म्हणाला तर त्याच्या नादी लागू नये. 2019-20 च्या टीईटीत गैरप्रकार उघड झाल्यावर 7,800 हून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली, पैसे गेले ते वेगळेच.

तेव्हा पदविकाधारक भगिनींनी प्रथम हे जमवावे: 2017 सालचे नियुक्तीपत्र असेल तर ते, जून ते ऑगस्ट 2017 चे हजेरीपत्रक किंवा पगारपत्रकाची नक्कल, बँकेत पगार जमा होत असेल तर पासबुक, आणि एनआयओएसच्या नोंदणीची प्रत. त्या नोंदणीत शाळेचा यू-डायस क्रमांक आहे, आणि मुख्याध्यापकाने तेव्हा पडताळणी केलेली आहे. पुढे नाकबूल होणाऱ्या शाळेला ती दाखविता येते. शाळेकडे सेवेच्या दाखल्याचा लेखी अर्ज करावा, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यावा. अर्ज घेतच नसतील तर रजिस्टर टपालाने पाठवून पोच जपावी. शाळा बंद पडली असेल किंवा दाद देत नसेल तर जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षण विभागाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करून, 2017-18 साली त्या शाळेने कळविलेल्या शिक्षकांची नावे मागावीत. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो, दारिद्र्यरेषेखालील असल्यास तोही नाही, आणि उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते. अर्ज लिहून हवा असेल त्यांनी शाळेचे नाव, यू-डायस क्रमांक आणि नोकरीला लागल्याची तारीख कागदावर मांडून आणावी.