'धम्म' शब्दाचा अर्थ वाक्यातून कसा ओळखावा?

पालि ग्रंथांचा अभ्यास करताना 'धम्म' हा शब्द पदोपदी भेटतो. तो सर्वत्र एकाच अर्थाने घेतल्यास मूळ वचनाचा आशय बिघडतो. कोशात त्याचे अनेक अर्थ मिळतात. त्यांतील कोणता घ्यावयाचा, हे वाक्यच सांगते.

पहिली खूण सोबतच्या शब्दांची. त्रिशरणात बुद्ध आणि संघ यांच्यासमवेत आलेला 'धम्म' म्हणजे बुद्धांची शिकवण होय. रूप, शब्द, गंध, रस, स्पर्श यांच्यानंतर सहावा म्हणून आलेला 'धम्म' मात्र मनाचा विषय ठरतो. कारण तेथे प्रत्येक इंद्रियाला त्याचा विषय जोडलेला असतो.

दुसरी खूण पुढील विधानाची. धम्मपदाच्या पहिल्या गाथेत 'धम्मा' हे बहुवचन असून मन त्यांच्या अग्रभागी असल्याचे म्हटले आहे. येथे 'धर्म' हा शब्द योजल्यास सर्व धर्मपंथ मनातून निघाले, असा भलताच अर्थ होईल. परंतु गाथेचा पुढील भाग दूषित मनाने केलेली वाणी व कृती आणि त्यांच्या मागोमाग येणारे दुःख यांविषयी आहे. म्हणून येथे 'मनोवृत्ती' हाच शब्द आम्हास योग्य वाटतो. धम्मपद-अट्ठकथाही येथे वेदना, सञ्ञा व सङ्खार हे तीन खंध अभिप्रेत मानते.

१९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्म आणि रिलिजन यांतील भेद स्पष्ट केला आहे. तो भेद भाषांतराच्या ओघात पुसला जाऊ नये, यासाठी शब्द निवडण्यापूर्वी वाक्य अखेरपर्यंत वाचावे, एवढेच आमचे सांगणे आहे.